क्रूझ पुन्हा सुरू झाल्या, पण जहाज अडकलं तर?

१८ सप्टेंबर २०२१ ला मुंबई बंदरातून कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' हे जहाज प्रवाशांना घेऊन निघणार होतं. रेल्वेची तिकिटं विकणाऱ्या आयआरसीटीसीनेही या सहलींचं बुकिंग सुरू केलं होतं. गोवा, दीव, लक्षद्वीप, कोची असे मार्ग होते. दीड वर्ष घरात काढलेल्या तुमच्या मित्रांच्या ग्रुपवर तेव्हा 'जायचं का?' असा मेसेज येऊन पडलाही असेल.

पण २०२० मध्ये क्रूझ म्हटलं की आठवायचं ते जपानमध्ये अडकलेलं जहाज. मग तेव्हापासून सप्टेंबर २०२१ पर्यंत नेमकं काय बदललं? समजून घेऊ.

२०२० मध्ये काय झालं होतं?

फेब्रुवारी २०२० मध्ये 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज जपानच्या योकोहामा बंदरात क्वारंटाइन झालं. जहाजावर ३,७११ माणसं होती. हाँगकाँगला उतरून गेलेला एक प्रवासी पॉझिटिव्ह निघाला आणि जपानने सगळ्यांना जहाजावरच थांबवलं. शेवटी सातशेहून जास्त लोकांना लागण झाली.

प्रवाशांना केबिनमध्येच राहायला सांगितलं होतं. मग त्यांना जेवण कोण देत होतं? जहाजाचे कर्मचारी. ते स्वयंपाक करत होते, ताटं पोहोचवत होते आणि रात्री एकाच केबिनमध्ये दोघं-तिघं झोपत होते. जहाजावर १३८ भारतीय होते. त्यातले १३२ कर्मचारी होते आणि प्रवासी फक्त ६.

क्रूझच्या बातमीत आपला माणूस बहुतेक वेळा डेकवर नसतो, किचनमध्ये असतो.

प्रवासी घरी गेले, कर्मचारी राहिले

१४ मार्च २०२० ला अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने क्रूझ जहाजांवर बंदी घातली. बहुतेक प्रवाशांना पुढच्या काही आठवड्यांत उतरवलं गेलं. पण एप्रिलमध्ये सीडीसीनेच सांगितलं की, अमेरिकेच्या किनाऱ्यांजवळ सुमारे १०० क्रूझ जहाजं उभी आहेत आणि त्यांच्यावर जवळपास ८० हजार कर्मचारी आहेत.

आपल्याकडेही हेच घडलं. 'मरेला डिस्कव्हरी' हे जहाज एप्रिल २०२० मध्ये मुंबईजवळ समुद्रात थांबलं होतं. त्यावर सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी होते आणि त्यात अनेक जण गोव्याचे होते. मुंबई समोर दिसत होती, पण उतरायची परवानगी नव्हती. २१ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने नियमावली काढली, तेव्हा कुठे दोन दिवसांनी ते जमिनीवर आले.

गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला 'तारवटी' म्हणतात. कोकणातही 'बोटीवर गेलाय' एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. यातली बरीच कामं काही महिन्यांच्या करारावर असतात. करार संपला की पगार थांबतो आणि पुढचं बोलावणं येईपर्यंत घर साठवलेल्या पैशांवर चालतं. त्यामुळे क्रूझ बंद पडल्या तेव्हा कुणाची सुट्टी रद्द झाली आणि कुणाची चूल अडचणीत आली.

मग क्रूझ पुन्हा सुरू कशा झाल्या?

युरोपात सुरुवात लवकर झाली. ऑगस्ट २०२० मध्ये इटलीच्या जेनोआ बंदरातून 'एमएससी ग्रँडिओसा' निघालं. प्रवाशांची आधी टेस्ट आणि बंदरावर उतरल्यावर फक्त कंपनीच्या टूरसोबतच फिरणं, अशा अटी होत्या.

अमेरिकेत मात्र जून २०२१ उजाडला. २६ जूनला फ्लोरिडातून 'सेलिब्रिटी एज' निघालं. त्याआधी सीडीसीने कंपन्यांसमोर दोन पर्याय ठेवले होते. एक, किमान ९५ टक्के प्रवासी आणि ९८ टक्के कर्मचारी लस घेतलेले हवेत. दोन, ते शक्य नसेल तर आधी स्वयंसेवकांना घेऊन चाचणी फेरी करा. शिवाय जहाजावर साथ पसरली तर रुग्णांना कुठे नेणार आणि बाकीच्यांना कुठे ठेवणार, याचा करार बंदराशी आधीच करायचा होता.

ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे. २०२० मध्ये जहाजं अडकली त्यामागे विषाणू तर होताच, पण बरीच बंदरं 'आमच्याकडे या' म्हणायला तयार नव्हती, हेही तितकंच मोठं कारण होतं.

लस घेतली की धोका संपला?

नाही, पण कमी झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये 'कार्निव्हल व्हिस्टा' या जहाजावर २७ जण पॉझिटिव्ह निघाले. त्यातले २६ कर्मचारी होते. जहाजावर चार हजारांहून जास्त माणसं होती आणि जवळपास सगळ्यांनी लस घेतलेली होती. डायमंड प्रिन्सेसवरचे सातशे आणि इथले सत्तावीस, हा फरक मोठा आहे. मात्र इथे लागण कर्मचाऱ्यांनाच जास्त झाली, हेही त्याच आकड्यात दिसतं.

भारतीय कर्मचाऱ्यांपुढे लसीचीही अडचण होती. कोव्हिशील्डच्या दोन डोसमध्ये ८४ दिवसांचं अंतर होतं. बोलावणं आलं तरी दुसऱ्या डोससाठी थांबायचं कसं? जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची मुभा दिली. ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली, त्यांची अडचण सप्टेंबर २०२१ मध्येही होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती लस तोवर आलेली नव्हती.

मुंबईचा अनुभव काय सांगतो?

मुंबईला हे सगळं नवीन नाही. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेसचं 'कर्णिका' इथूनच सुरू झालं होतं. त्याचंही खूप कौतुक झालं. मग कोरोना आला, २०२० मध्ये कंपनी बंद पडली आणि जहाज भंगारात तोडायला गुजरातच्या अलंगला गेलं. जहाज बंद राहिलं तरी त्याची देखभाल, इंधन आणि बंदराचं भाडं थांबत नाही. 'कार्निव्हल'सारख्या जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रूझ कंपनीला २०२० मध्ये १० अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. ती टिकली, कर्णिका नाही टिकलं.

तिकीट काढण्याआधी काय विचाराल?

- प्रवासात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर त्याला कुठल्या बंदरावर उतरवणार? तो खर्च कोण करणार?
- सहल रद्द झाली तर पैसे परत मिळणार की पुढच्या सहलीचं कूपन?
- सगळ्या कर्मचाऱ्यांचे दोन्ही डोस झालेत का?
- कर्मचारी आजारी पडला तर त्याला वेगळं ठेवायला केबिन आहे का? आणि त्या दिवसांचा पगार मिळतो का?

शेवटचा प्रश्न तुमच्याही फायद्याचा आहे. पगार कापला जाईल म्हणून ज्याने ताप लपवला, तोच उद्या तुमच्या टेबलावर जेवण वाढणार आहे.

क्रूझ परत आल्या ही चांगलीच बातमी होती. समुद्रावरची सुट्टी कुणाला नको आहे? आणि गोव्यापासून रत्नागिरीपर्यंत कितीतरी घरं पुढच्या बोलावण्याची वाट पाहत होती. पण जहाज निघताना सगळेच टाळ्या वाजवतात. ते आजारी माणसं घेऊन परत आलं तर त्याला कुठलं बंदर आत घेणार, हे आधीच ठरलेलं हवं.