कुठलं सरकार? विचारायला शिका!

वाडीवर गार्ड येतो नि दरडावतो, "सरकारची जागा हाय, नाचणी लावायची नाय." आपण मान खाली घालतो. आम्ही म्हणतो, मान वर करा आणि विचारा, कुठलं सरकार?

सरकार एक नाही. कायदा करते संसद. तो राबवतात कलेक्टर, प्रांत, जंगलखातं. कायदा पाळला का, हे बघतं कोर्ट. 1976 पासून जंगलावर दिल्लीचाही कायदा चालतो, मुंबईचाही. सगळा कोयता एकाच्या हातात नको, म्हणून घटनेनं ही वाटणी केली.

आपली दळी इंग्रजांच्या काळात जंगलखात्यानंच आज्या-पणज्यांना कसायला दिली. आज तेच खातं आपल्याला अतिक्रमणवाले म्हणतं. पण 2006 साली संसदेनं वनहक्क कायदा केला आणि आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्यात लिहून कबूल केलं. कलम 4(5) सांगतं, दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही हटवायचं नाही. गार्ड या कलमाच्या वर नाही. त्याचा साहेबही नाही.

कोर्टही चुकतं. 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढा म्हणून सांगितलं. देशभर आदिवासी पेटून उठले. केंद्र सरकारला कोर्टात धावावं लागलं. 28 तारखेला कोर्टानं स्वतःचाच आदेश थांबवला आणि राज्यांना विचारलं, दावे फेटाळले ते कुठल्या पद्धतीनं? अहो, हेच तर आम्ही इतकी वर्षं विचारतोय! खालच्या कमिटीनं न बघता फुली मारली, की वरच्या कोर्टापुढं तीच फुली जाते.

या वाटणीत आपलाही वाटा आहे, तो म्हणजे ग्रामसभा. 2013 साली ओडिशात नियमगिरीच्या खाणीचा सवाल सुप्रीम कोर्टानं ग्रामसभांपुढं ठेवला. बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या. खाण थांबली. "रायगडात पेसा नाय, तुमची ग्रामसभा कसली?" असं कुणी म्हणालं तर फसू नका. पेसा नसला तरी वनहक्क कायदा इथं पुरा लागू आहे. दाव्याची सुरुवात ग्रामसभेतच होते.

म्हणून भावा-बहिणींनो, दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. 60 दिवसांत अपील करा. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, तोही पुरावा आहे. डिसेंबर 2005 च्या आधीची दंडाची पावती जपा. जिनं आपल्याला चोर ठरवलं, तीच आज आपली साक्षीदार आहे.

सत्तेची वाटणी कागदावर आहे. आपला वाटा आपणच मागायचा. ग्रामसभेला या, निम्मी वाडी तरी आलीच पाहिजे, बाया पुढं!

दळी आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!