संकटाची कळ आणि ठाण्याची हद्द

पौष वद्य पंचमीस तिरुवैयारु येथे, कावेरीच्या तीरी, संत-संगीतकार त्यागराजस्वामींच्या समाधीपाशी पंचरत्न कीर्तनांचे समूहगायन होते, तेव्हा त्या दाटीत एखाद्या स्त्रीच्या गळ्यातील साखळी कोणी हिसकावली, अथवा रात्री तंजावरकडे परतताना कोणी तिच्या पाळतीवर राहिला, तर हाताशी असलेला स्मार्टफोन तिचे रक्षण कितपत करील, हा प्रश्न आता केवळ कल्पनेचा राहिलेला नाही. तमिळनाडू पोलिसांनी २०१८ साली ‘कावलन’ हे अ‍ॅप काढले, २०२२ साली ‘कावल उदवि’ आणले, आणि केंद्राची ११२ क्रमांकाची व्यवस्था त्यांच्या जोडीला आहेच. कळ दाबताच ठावठिकाण्यासह वर्दी नियंत्रण कक्षाकडे जावी, हा हेतू निःसंशय स्तुत्य आहे.

परंतु पिशवीच्या तळाशी, पदराच्या व प्रसादाच्या पुडीच्या खाली गेलेला फोन काढायचा, त्याचे कुलूप उघडायचे, पाच-पन्नास चित्रांतून नेमके चित्र शोधायचे, आणि गर्दीने मंदावलेल्या इंटरनेटची वाट पाहायची, एवढा अवकाश चोर देत नसतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांत फोन चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबून मदत मागण्याची तरतूद आहे. अ‍ॅपपेक्षा ती सुगम, पण आपल्या घरातील किती जणांना ठाऊक आहे? दिल्ली पोलिसांच्या २०१५ च्या ‘हिम्मत’ अ‍ॅपची नोंदणी इतकी तोकडी राहिली, की संसदीय समितीने त्याबद्दल नापसंती दर्शविली.

याहून गंभीर उणीव यंत्राच्या पलीकडे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ जिची अमानुष हत्या झाली, त्या तरुण पशुवैद्यक स्त्रीने आपल्याला भय वाटते हे बहिणीला फोनवर सांगितले होते. तिने १०० क्रमांक का फिरवला नाही, असे पुढे एका मंत्र्यांनी विचारले. पण कुटुंबीय फिर्याद घेऊन गेले तेव्हा हद्दीचा वाद उपस्थित होऊन त्यांना ठाण्याठाण्यांत हेलपाटे पडले, व या दिरंगाईबद्दल तीन पोलीस निलंबित झाले. फोनचा ठावठिकाणा सांगणाऱ्या उपग्रहाला हद्द दिसत नाही. ठाणे अंमलदाराला ती प्रथम दिसते. शिवाय घरातल्या वा ओळखीच्या माणसाकडून होणाऱ्या अत्याचारांत तर कळ दाबण्याचेही धैर्य होत नाही, आणि असे अत्याचार थोडे नाहीत.

मदत अखेर माणसांकडूनच पोहोचते. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या अमदानीत रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांतून, म्हणजे धर्मशाळांतून, यात्रेकरूंना अन्न, आसरा व औषधोपचार मिळत, कारण तेथे नेमलेली माणसे व त्यांच्या खर्चाची कायमची तजवीज होती. आजही अ‍ॅपमागे तीच तजवीज हवी. म्हणून नव्या अ‍ॅपचे उद्घाटन करण्यापूर्वी सरकारने वर्दी मिळाल्यापासून पोलीस पोहोचेपर्यंत किती मिनिटे लागली, याचा तक्ता दरमहा ठाणेनिहाय प्रसिद्ध करावा. त्या तक्त्यावाचून अशा अ‍ॅपवर कोणाही स्त्रीने विसंबावे, असे सांगण्याचा अधिकार सरकारला नाही.