विश्लेषण : १०८ दारात येते, विमा मात्र दवाखान्यातच भेटतो

समजा, जिवती तालुक्यातल्या एखाद्या कोलाम गुड्यावर रात्री मधुमेही आजीची साखर घसरली. १०८ आली, गाडीतल्या डॉक्टरने शिरेतून ग्लुकोज दिले, आजी बोलू लागली. पुढे दवाखान्यात यायला ती तयार नाही. सोबत कोण येणार, पहाडावर परत कशाने येणार, उद्याची मजुरी बुडाली तर?

विमा सुरू कुठून होतो?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचे कवच वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांचे आहे. पण ते उघडते योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यावर. फुले योजनेत रुग्णालयातून घरी परतण्याचे एसटीभाडेसुद्धा धरले आहे. दारात झालेल्या उपचाराला मात्र जागा नाही.

मग आजीला भुर्दंड पडतो का?

नाही. २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेली १०८ सेवा मोफत आहे. तिचा खर्च सरकार थेट करते. अनेक राज्यांत गाडीत तंत्रज्ञ असतो, महाराष्ट्राने डॉक्टर ठेवला, हे श्रेय द्यायलाच हवे.

अडचण दुसऱ्या सकाळची आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी घसरलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. ती तपासायची, गोळीची मात्रा बदलायची, हे काम विम्याच्या हिशेबात कुठेच नाही. आजी दाखल झाली असती तर सगळेच हिशेबात आले असते.

अमेरिकेत मेडिकेअरने २०२१ मध्ये जागेवरच्या उपचारालाही पैसे देण्याचा प्रयोग केला. अपेक्षेइतके सहभागी न मिळाल्याने तो २०२३ अखेर गुंडाळला. आपण त्याची नक्कल करू नये. गाडीचे पैसे सरकार देतेच. विम्यातून पुन्हा दिले तर ठेकेदाराला दुहेरी मोबदला, आणि रुग्णाला घरीच सोडण्याचा मोहही. साप चावलेला, छातीत दुखणारा किंवा अडलेली बाळंतीण यांना न्यायलाच हवे.

विम्याचा पैसा हवा तो पाठपुराव्याला : २४ तासांत आरोग्यसेविकेची घरभेट, साखर तपासणी, डॉक्टरशी फोनवर बोलणे. तेवढ्याचे छोटे पॅकेज फुले योजनेत बसवता येईल. तेलंगणही दावा सांगते त्या सीमेवरच्या १४ गावांत कार्ड कोणत्या राज्याचे, हा घोळ आधी मिटवावा लागेल. सुरुवात जिवतीपासूनच करावी. इथली गाडी एका रुग्णासाठी चंद्रपूरला गेली, की ती परतेपर्यंत पहाडावरचा दुसरा रुग्ण वाट पाहत बसतो.