मर्यादा यंत्र ठरवत नाही

चंद्रपूर-गडचिरोली भागातील आम्ही शिक्षक प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना मापन शिकवतो. व्होल्टमीटर वाचा, कोष्टक भरा, चूक किती ते लिहा, की प्रयोग संपला! मोजलेल्या आकड्यावरून निर्णय कसा घ्यावा, हे मात्र क्वचितच शिकवतो. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. का, ते कोळशाच्या खाणीवरून पाहू.

चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा या परिसरात उघड्या खाणींप्रमाणे भूमिगत खाणीही खोदल्या गेल्या. कोळशाच्या थरातून मिथेन वायू निसटत असतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असेल, तर एका ठिणगीने स्फोट होतो. हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली सुरक्षादीप तयार केला, तेव्हापासून खाणकामगार त्याची ज्योत निरखीत. ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसली, की वायू आहे असे समजावे. तुलनेचे काम तेव्हा डोळा करी; आता ते विद्युत्-यंत्रणेवर सोपवता येते.

समजा, एक संवेदक ० ते ५ टक्के मिथेन मोजतो आणि त्या प्रमाणात तारेतून ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह पाठवतो. आपल्याकडील नियमांनुसार मिथेन १.२५ टक्क्यांहून वाढला, तर तेथील वीज तोडून माणसांना बाहेर काढावे लागते. आता गणित करा. १.२५ हा ५ चा चौथा भाग. १६ चा चौथा भाग ४. त्यात सुरुवातीचे ४ मिळवले, की झाले ८. प्रवाह ८ मिलिअँपिअरच्या वर गेला, की यंत्र वीज तोडणार. त्याची सारी अक्कल एवढीच: हा आकडा त्या आकड्याहून मोठा आहे काय?

शहाणपण आहे ते आकडा ठरवणाऱ्या माणसाचे. शून्य वायूसाठी शून्य प्रवाह का ठेवला नाही? कारण मग तार तुटली, तरी यंत्र म्हणेल, ‘वायू मुळीच नाही!’ ४ पासून सुरुवात केल्यामुळे शून्य प्रवाहाचा अर्थ ‘बिघाड’ असाच होतो.

स्फोट ५ टक्क्यांना होतो, मग मर्यादा १.२५ का? मिथेन हवेपेक्षा हलका; तो छताशी साठतो. संवेदकाजवळ कमी आणि चार हातांवर अधिक, असेही घडते. संवेदक स्वतः थोडा चुकतो. शिवाय माणसांना बाहेर पडायला वेळ लागतो. मधले पावणेचार टक्के या सगळ्यासाठी राखलेले आहेत.

प्रमाण १.२४, १.२६ असे खालीवर होऊ लागले, तर वीज सारखी जा-ये करील. म्हणून बंद करण्याची व पुन्हा सुरू करण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवतात. घरातली स्वयंचलित इस्त्री हेच करते. खाणीत मात्र जाणत्या माणसाने तपासल्यावाचून वीज पुन्हा सुरू होऊ नये.

कोणी म्हणेल, ‘उगीच काम थांबते, मर्यादा जरा वर सरकवा.’ यात तथ्याचा एक अंश आहे. मर्यादा फारच खाली ठेवली, तर घंटा दिवसभर वाजेल आणि तिकडे कोणीच लक्ष देणार नाही. पण त्यावर उपाय म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या वायूने संवेदक तपासणे आणि खाणीतील वायुवीजन सुधारणे. सोयीसाठी आकडा वाढवणे म्हणजे ते राखीव पावणेचार टक्के चोरणे होय!

शिक्षकांनी एवढे करून पाहावे. पाणी तापवताना विद्यार्थ्यांना केवळ तापमान लिहायला सांगू नये. ज्योत कधी विझवावी आणि पुन्हा कधी पेटवावी, हेही त्यांना ठरवू द्यावे. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आकडा लिहाल तेव्हा त्याच्यापुढे कारणही लिहा. उद्या त्याच आकड्याच्या भरवशावर कोणी जमिनीखाली उतरणार आहे.