रंगाचा अधिकार

नृत्याच्या प्रयोगात हालचाल हीच काय ती कला आणि रंग हा केवळ तिचा साजशृंगार, असा जो समज आपल्या रसिकांत शिरस्त्यासारखा चालत आला आहे, तो पीना बाउश या जर्मन नृत्यदिग्दर्शिकेने स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या संगीतरचनेवर १९७५ साली वुप्पर्टाल येथे बसविलेल्या नृत्यनाट्यापुढे टिकत नाही.

वसंताच्या आगमनासाठी एका कुमारिकेचा बळी, एवढेच त्याचे कथानक. नेपथ्यकार रोल्फ बोर्त्सिक यांनी सबंध रंगमंचावर काळसर मातीचा जाड थर अंथरला. नर्तिकांना त्वचेच्या वर्णाशी मिळतेजुळते फिके, तलम झगे दिले आणि पुरुषांना काळ्या विजारी. या उदास वर्णमेळात लाल रंगाचे वस्त्र एकच. ते एकीच्या हातून दुसरीच्या हाती जाते, आणि जिच्या हाती येते ती ते अंगापासून दूर धरून घाईने पुढे सरकविते. कारण मृत्यूच्या फर्मानावर नाव तेवढे लिहावयाचे राहिले आहे, हे त्या सर्वजणी जाणून असतात. अखेर ते एकीच्या अंगावर चढते आणि ती कोसळेपर्यंत नाचते. तोवर घामाने निथळणाऱ्या देहांना माती चिकटून ते फिके झगेही मळकट तपकिरी झालेले असतात. हा दुसरा रंग कोणत्याही रंगाऱ्याने दिलेला नसून नर्तकांच्या श्रमांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडविलेला असतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला वर्ण नेमून दिला आहे: करुणाला कपोतवर्ण, रौद्राला रक्तवर्ण, भयानकाला कृष्णवर्ण. त्या वाटणीप्रमाणे लाल रंग रौद्राच्या हिश्शाचा. बाउशबाईंच्या रंगमंचावर मात्र तोच प्रथम भयानकाची आणि शेवटी करुणाची निष्पत्ती करतो. तपशिलात हा भेद असला, तरी रंग हा रसाचा हक्काचा वाटेकरी आहे, या मूळ सिद्धांताला या प्रयोगाने पुष्टीच मिळते.

आज कळ दाबताच रंगमंच क्षणात निळा, क्षणात जांभळा करता येतो, आणि या सुलभतेपायी आपल्याकडील कित्येक नृत्यप्रयोगांत रंगांची नुसती उधळण होते. पण जो रंग पदोपदी बदलतो त्याला अर्थ चिकटण्यास अवकाशच मिळत नाही. म्हणून आपल्या तरुण नृत्यकारांना माझी आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी एकच रंग निवडावा, तो प्रयोगभर जपून वापरावा आणि एखाद्या पात्राइतकीच जबाबदारी त्याच्यावर सोपवावी.