एकास चोवीस

दिवाळीच्या किल्ल्यावर सिंहासनी बसलेले महाराज बुरुजाहून उंच असतात आणि पायथ्याचा मावळा महादरवाजातून आत शिरणे केवळ अशक्य असते. तरी कुणाची तक्रार नसते. मातीच्या चित्रांना तो हक्कच आहे. परंतु प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून मोटारींच्या प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टांना ही सवलत नाही. त्यांचे बहुधा एकास चोवीस असे प्रमाण असते, म्हणजे खऱ्या गाडीच्या फुटाला अर्धा इंच. त्यात केसभर चूक झाली तरी त्यांची झोप उडते.

आता गंमत पाहा. खरी अडचण लांबी-रुंदीची नसते, जाडीची असते. मोटारीचा पत्रा फार तर एक मिलिमीटरचा. प्रतिकृतीत तो ०.०४ मिलिमीटर यायला हवा, आणि इतके पातळ प्लॅस्टिक साच्यातून निघत नाही. संचातले मडगार्ड एक मिलिमीटर जाड, म्हणजे हिशेबाने २४ मिलिमीटरचा पत्रा झाला. तो चिलखती गाडीला शोभेल! जाणता माणूस म्हणून सगळे प्लॅस्टिक तासत बसत नाही. चाकावरच्या कमानीची जेवढी कड दिसते तेवढीच आतून पॉलिशपेपरने घासून पातळ करतो. डोळा फसतो, काम भागते. दाराची फटही तशीच. खरी चार-पाच मिलिमीटरची फट इथे ०.२ मिलिमीटर होते आणि रंगाचे दोन हात बसताच बुजून जाते. ती रंगाआधीच सुईने खोल करून घ्यावी.

मापासाठी लोक काय काय करतात! जपानच्या तामिया कंपनीने आपल्या पहिल्या रणगाड्याचे प्रमाण आत मोटर आणि सेल मावावेत एवढ्यावरून ठरवले होते. पुढे त्याच कंपनीच्या शुन्साकु तामिया यांनी १९७६ च्या पोर्शच्या संचासाठी खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि चक्क सुटी केली. पुन्हा जोडायला मात्र पोर्शचे मेकॅनिक बोलवावे लागले. मला हा माणूस वेडा वाटत नाही. छायाचित्रात जवळचा बंपर मोठा दिसतो, लांबचा लहान. त्यावरून माप काढायचे कसे?

आपल्याकडे हा प्रश्न पद्मिनीचा आहे. वीस वर्षांची मुदत संपून मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. गाडी मूळची फियाट ११०० च्या घराण्यातली, तेव्हा पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत ९७.५, हे कागदावर सापडते. पण डाव्या अंगाला बाहेर बसवलेला तो जुना मीटर? छपरावरचा कॅरियर? पिवळ्या टपाचा रंग काळ्याला नेमका कुठे भेटत असे? हे कारखान्याच्या नकाशात नाही. ते मुंबईच्या गॅरेजांत ठरले, आणि प्रत्येक गॅरेजात थोडे वेगळे. बोनेट आणि चाके बिनचूक असून मीटर चुकला, तर ती फियाट होईल, टॅक्सी होणार नाही.

तेव्हा एखाद्या शेडमध्ये धूळ खात असलेली पद्मिनी कुणाला ठाऊक असेल, तर मालकाची परवानगी घेऊन लवकर जावे. टेप, वही आणि टेपचे दुसरे टोक धरायला एक भिडू न्यावा. आधी कॅरियर मोजावा. भंगारवाला पहिल्यांदा तोच उतरवतो.