कोर्ट गार्डियन मुलाला भेटतो का?

वाटपाच्या दाव्यात प्रतिवादींच्या यादीत तळाशी एखादं नाव असतं: अमुक, वय ९, अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आई. आईचाच हिस्सा मुलाच्या हिश्शाच्या आड येत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ प्रमाणे न्यायालय त्या दाव्यापुरता दुसरा पालक, म्हणजे ‘कोर्ट गार्डियन’, नेमतं. नात्यातलं कुणी पुढे आलं नाही तर न्यायालयाचा नाझर, नाहीतर एखादा वकील. मानसिक आजारामुळे स्वतःचं हित जपू न शकणाऱ्या पक्षकारालाही हाच आदेश लागू.

मग या वकिलाची कैफियत येते. दाव्यातला मजकूर माहीत नाही, वादीने शाबीत करावा, अज्ञानाच्या हितास बाध न येता योग्य तो हुकूम व्हावा. झालं! पुढे तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते, हे खरं. पण ज्याने मुलाला पाहिलेलंच नाही, तो तडजोड मुलाच्या फायद्याची आहे हे कशाच्या बळावर सांगणार?

स्वतःसाठी बोलू न शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीचं उदाहरण म्हणून, मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या दयामरणाचं प्रकरण आठवा. पत्रकार पिंकी विराणी ‘नेक्स्ट फ्रेंड’, म्हणजे तिच्या वतीने दाद मागणारी व्यक्ती, म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या; न्यायालयाने ते स्थान केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिलं. अ‍ॅड. टी. आर. अंध्यारुजिना न्यायमित्र होते. आता न्यायमित्र न्यायालयाला मदत करतो, रुग्णाचा वकील तो नव्हे. हा फरक आपल्याकडे सर्रास पुसला जातो. तरीही न्यायालयाने तीन डॉक्टर परळच्या केईएममध्ये पाठवले, अरुणाचं चित्रीकरण न्यायदालनात पाहिलं आणि मग ७ मार्च २०११ ला निकाल दिला. जिच्याबद्दल निर्णय घ्यायचा, तिला आधी पाहिलं गेलं.

कौटुंबिक न्यायालयात तर पक्षकारांनाही हक्क म्हणून वकील मिळत नाही. कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १३ तसं सांगतं. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नियमांत मुलासाठी स्वतंत्र वकील नेमण्याची सोय आहे. ताब्यासाठी भांडणाऱ्या किती आईबापांना हे ठाऊक असेल? वकील कशाला, समुपदेशक आहेत की, असं कुणी म्हणेल. समुपदेशक मुलाशी बोलतो, पण उलटतपासणी घेत नाही, अपीलही करत नाही.

माझी मागणी छोटी आहे. नेमलेल्या वकिलाने एक पानी अहवाल द्यावा: मुलाला कधी भेटलो, कुठे, तेव्हा खोलीत आणखी कोण होतं, मूल काय म्हणालं. त्याचं म्हणणं आणि त्याचं हित वेगळं वाटलं, तर दोन्ही वेगवेगळं लिहावं. फीचा आदेश त्यानंतर. आणि ती फी परगावचं बसभाडं भागेल एवढी तरी असावी.